भैरू आणि रावजी गुळव्याचा ‘का’

नदीकाठच्या एका गावात भैरू नावाचा एक भोळा राहायचा. भोळा म्हणजे किती, असं विचाराल तर सांगतो. त्याच्या आत्तीनं, म्हणजे बापाच्या बहिणीनं, एकदा त्याला सांगितलं, “भैरू, जरा दाराकडं बघ, मी पाण्याला जाऊन येते.” आत्ती परत आली तेव्हा कुत्रं परातीतली शेवटची भाकरी संपवून जिभल्या चाटत होतं. भैरू दाराकडंच बघत होता. पापणीसुद्धा लवली नव्हती बिचाऱ्याची.

आई-बाप लहानपणीच गेलेले. या आत्तीनंच त्याला वाढवला. तिची बोलायची तऱ्हा अशी, की घरातल्या प्रत्येक वस्तूला जीव. चूल पेटली नाही की म्हणायची, “आज रुसलीया.” दार लागलं नाही की, “हट्टाला पेटलंय मेलं.” भैरूनं ते सगळं खरं धरलं. धरणारच की! आत्ती कशाला खोटं बोलेल?

तर असा हा भैरू वयात आला आणि रावजी गुळव्याच्या गुऱ्हाळावर कामाला लागला. चरकात ऊस सारायचा, रसाच्या घागरी रस आटवायच्या काईलीपर्यंत वाहायच्या, तिच्याखालच्या चुलवाणात चिपाडं कोंबायची. कामाला वाघ. दोन गड्यांचं काम एकटा ओढायचा. आणि रोज दुपारी रावजीची एकुलती एक पोरगी फुला भाकरी घेऊन यायची, तेव्हा हातातली घागर विसरून तिच्याकडं बघत उभा राहायचा.

फुलालाही तो आवडायचा. आता म्हणाल, का? तर ती मैत्रिणीला म्हणाली होती, “गावातल्या पोरांना एक सांगावं तर चार उलट ऐकावं लागतं. ह्याला सांगितलं की हा करतो. चुकीचं करतो, पण करतो गं!”

रावजी गुळव्या हाताचा मोठा कसबी माणूस. काईलीतला पाक नुसता बोटानं ताणून बघायचा आणि सांगायचा, उतरवा. त्याला तंबाखू नाही, विडी नाही. एकच व्यसन. ‘का’ विचारायचं. कढ उतू गेला, का? ढेप फुटली, का? कावळा आज पलीकडच्या झाडावर बसला, का? गड्यानं चुकीचं उत्तर दिलं की रावजीच्या शिव्या पार नदीपर्यंत ऐकू जायच्या. “ज्याला ‘का’ कळत न्हाई, त्याला गूळ कळत न्हाई,” असं तो म्हणायचा.

एक दिवस भैरूनं धीर केला. “मामा, फुला मला द्या.”

रावजीनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. “देतो. मोसम संपून गुऱ्हाळ उठायच्या आत माझ्या एका ‘का’ला बरोबर उत्तर दे. एकाच. ज्या दिवशी देशील, त्या दिवशी पोरगी तुझी. न्हाईतर वरच्या वाडीचा धर्माप्पा दुकानदार मागणी घालून बसलाय, त्याला सुपारी देऊन मोकळा होतो.”

धर्माप्पा दुकानदार म्हणजे दोन बायका पोचवून तिसरी शोधायला निघालेला गृहस्थ. हसला की सोन्याचा दात चमकायचा. फुला म्हणायची, “बाबांना तो दात आवडलाय. मग त्यांनीच लगीन लावावं दाताशी.” आणि भैरूला म्हणाली, “एक उत्तर, भैरू. सगळ्या मोसमात एक. जमंल न्हवं?”

“जमंल की,” भैरू म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी संधी आली. भैरूनं रसाची भरली घागर चरकाच्या आडव्या दांड्याखाली ठेवली. बैल फिरले, दांडा फिरला, घागर आडवी. रस मातीत.

“भैरू! घागर का सांडली?”

भैरूनं घागरीकडं बघितलं. आत्तीची आठवण काढली आणि म्हणाला, “कंटाळली असंल मामा. सकाळधरनं उभी होती.”

फुलानं कपाळावर हात मारून घेतला.

“घागर कंटाळती व्हय रं, अक्कलशून्या?” रावजी ओरडला. “दांड्याचा धक्का लागला म्हणून पडली! धक्क्याबिगर काही हलत न्हाई. काही झालं की आधी धक्का शोधायचा. कळलं?”

“कळलं मामा. धक्का शोधायचा.” भैरूनं ते पक्कं डोक्यात बसवलं. त्याचं डोकं काही वाईट नव्हतं बरं का. एका वेळी एकच गोष्ट बसायची, पण बसली की हलायची नाही.

पुढं बाजाराच्या दिवशी खुद्द धर्माप्पा गुऱ्हाळावर आला. रावजी काईलीजवळ अडकलेला. पाहुण्याला बसायला घोंगडी टाकायची राहून गेली. झालं! धर्माप्पा उसाच्या मोळीवर बसला, तोंड फुगवून. फुलानं रसाचा पेला पुढं केला. घेईना. मान वळवली.

रावजी तिथनंच ओरडला, “भैरू, पाहुणं रस का पीत न्हाईत बघ जरा!”

भैरू लगबगीनं गेला. धक्का शोधायचा होता. धर्माप्पाच्या मागं जाऊन बघितलं. कुणी नव्हतं. मोळीखाली वाकून बघितलं. काही नव्हतं. धर्माप्पाच्या फेट्यावर कान लावून ऐकलं. मग तोंडासमोर येऊन म्हणाला, “पाहुणं, आ करा.”

“आँ?” धर्माप्पा म्हणाला, आणि त्यानं तोंड उघडल्याबरोबर भैरूनं आत वाकून बघितलं. सोन्याचा दात होता. धक्का नव्हता.

“मामा, धक्काच न्हाई!” भैरूनं आरोळी दिली. “त्यामुळंच हलंनात!”

आणि जिथं धक्का नाही तिथं तो द्यायला नको का? भैरूनं दिला. दोन्ही हातांनी दिला. मोळीमागं काईलीवरची काढलेली मळी टाकायचा खड्डा होता. धर्माप्पा त्यात गेला, पाय वर. बाहेर काढला तेव्हा माशांनी त्याला लांबूनच ओळखलं आणि वरच्या वाडीपर्यंत सोबत केली.

“पाहुण्याला का ढकललंस रं?”

“धक्क्याबिगर काही हलत न्हाई, मामा.”

रावजीनं डोकं धरलं. “अरं, घागरीला धक्का! माणसाला न्हवं! माणूस मनातल्यामुळं वागतो. त्याच्या मनात राग होता, घोंगडी पाहिजे होती. कुणी अडून बसलं की त्याला जवळ बसून विचारायचं, मनात काय हाय? काय पाहिजे? आणि ते द्यायचं. कळलं?”

“कळलं मामा. मनात काय हाय विचारायचं.”

रावजीला धर्माप्पाच्या घरी जाऊन हात जोडावे लागले. धर्माप्पानं मागणी काही सोडली नाही. उलट त्याला आता मानपानही जास्त पाहिजे होता. फुला भैरूला म्हणाली, “ढकललास ते बेस केलंस. पण उत्तर राहिलं रं, बाबा.”

मग एक दिवस रावजी शेतात ऊस बघायला गेला असताना चरक अडला. उसाचा एक जाडजूड बुडखा चरकाच्या दोन लाटांच्या, म्हणजे फिरत्या रुळांच्या, मध्ये रुतून बसला होता. शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं की तो बुडखा काढा. पण भैरू शिकलेला होता आता. तो चरकाजवळ मांडी घालून बसला.

“काय झालं? मनात काय हाय?”

चरक गप्प.

“घोंगडी पाहिजे?” घोंगडी अंथरली. चरक बसला नाही.

“रस पितोस?” चरकाच्या अंगावर कळशीभर रस ओतला. काही नाही.

भैरूनं इकडंतिकडं बघितलं. रावजीचा तांबडा फेटा खुंटीला टांगलेला होता. जत्रेला घालायचा, ठेवणीतला. धर्माप्पाकडं जाताना घातला होता तो. भैरूला एकदम उमगलं. रोज राबायचं चरकानं आणि मान घ्यायचा रावजीनं! कुणालाही वाईट वाटेल. त्यानं फेटा आणला आणि चरकाच्या डोक्यावर छान बांधला. तुराही काढला. तुरा काढायला लाट थोडी मागं फिरवावी लागली, तेवढ्यात बुडखा निसटून खाली पडला. भैरूला तो दिसलाही नाही.

“आता खूश?” म्हणत त्यानं बैल हाकले.

चरक खूश झाला. असा खूश झाला की सगळा फेटा त्यानं पोटात घेतला. एका बाजूनं चिंध्या आणि दुसऱ्या बाजूनं तांबडा रस. भैरूनं तो इमानेइतबारे काईलीत नेऊन ओतला. संध्याकाळी रावजी आला तेव्हा पाक ओतायच्या वाफ्यात गुलाबी गूळ थिजत होता.

रावजीनं वाफ्यात बोट बुडवून बघितलं. मग अगदी हळू म्हणाला, “भैरू, गूळ गुलाबी का हाय?”

“चरकाला फेटा पाहिजे होता, मामा. मनातलं कुणाला सांगत न्हवता.”

त्या दिवशीच्या शिव्या नदीपलीकडच्या गावातही ऐकू गेल्या म्हणतात. शेवटी दमून रावजी म्हणाला, “काही रीतभात हाय का न्हाई रं? दुसऱ्याचा फेटा घ्यायची रीत हाय का? मनाला येईल ते करायचं नसतं. जगात रीत असती. गुऱ्हाळावर आलेल्याला रस पाजल्याबिगर जाऊ द्यायचं न्हाई, ही रीत. म्हणून आपण पाजतो. कुणी ‘का’ विचारलं तर सांगायचं, रीत हाय. कळलं?”

“कळलं मामा. रीत हाय.”

आता तुम्हाला कळलंच असेल पुढं काय होणार. मलाही कळलं होतं. फुलालाही कळलं होतं. ती म्हणालीसुद्धा, “बाबा, ह्याला एकट्याला सोडून जाऊ नका.” पण रावजीला नवा फेटा घ्यायला बाजारात जायचं होतं.

दुपारी पाटलाच्या म्हशी कुंपण मोडून गुऱ्हाळात घुसल्या. काठी घेऊन हाकलायच्या, दुसरं काय? भैरू हात जोडून पुढं गेला. “या. बसा.” म्हशी बसल्या नाहीत. त्यांनी सरळ रसाच्या रांजणात तोंड घातलं. रांजण संपला. तेव्हा भैरूनं काईल उतरवून, गार करून, तीही पुढं ठेवली. म्हशी तृप्त झाल्या, काही काईलीतच डुंबल्या, आणि परत निघाल्या.

रावजी नवा फेटा बांधून दारात उभा. “काईल रिकामी का?”

“रीत हाय, मामा.”

“काय?”

“आलेल्याला पाजल्याबिगर जाऊ द्यायचं न्हाई. एक रेडकू न पिताच निघालं होतं, त्याला मी वेशीपासनं शेपटी धरून परत आणलं. आपल्या गुऱ्हाळाला नाव ठेवायला जागा ठेवली न्हाई.”

रावजी खालीच बसला. नवा फेटा काढून मांडीवर ठेवला. माणूस रागाच्या पलीकडं गेला की मऊ होतो. तो म्हणाला, “भैरू, तू मनानं सोन्यासारखा हायस रं. पण परवा गुऱ्हाळ उठणार. उद्या दुपारी धर्माप्पा सुपारी घेऊन येतोय. आता तरी डोकं वापर. एक गोष्ट दिसली की दुसरी न दिसता ओळखता आली पाहिजे. धूर हाय म्हंजे विस्तव असणारच. खूर उमटल्यात म्हंजे जनावर आलेलं असणारच. विचारायला नको, शोधायला नको. असणारच! कळलं?”

“कळलं मामा. असणारच.”

फुला त्या संध्याकाळी रडवेली होऊन म्हणाली, “भैरू, उद्याचाच दिवस उरला. उद्या दुपारी माझी सुपारी फुटंल.”

भैरूनं हातातली घागर खाली ठेवली. एवढे दिवस त्याला वाटत होतं, उत्तर आज नाही तर उद्या येईल. आता उद्या संपत आला होता. त्यानं कधी नव्हे ते डोकं चालवलं. फार वेळ चालवलं. आणि पहाटेच कामाला लागला.

रावजी सकाळीच लांबच्या देवळात गेला होता. दुपारी परत आला तर आपल्याच दारात मांडव! उसाचे खांब, वर उसाच्याच शेंड्यांचे वाढे, आंब्याची तोरणं. हलगीवाला हलगी तापवतोय. सनईवाला पिपाणी फुंकून बघतोय. जोशीबुवा पाटावर बसून अक्षता निवडतायत. गाव झाडून लोटलेलं, कारण भैरू पहाटेच घरोघरी गुलाबी गूळ वाटून आला होता. आणि मधोमध खुद्द भैरू. नखशिखांत हळद. कपाळाला बाशिंग.

“भैरू!” रावजीनं उसाचा खांब हलवून बघितला. “मांडव... का?”

“मांडव हाय, वाजाप हाय, हळद हाय,” भैरू बोटानं दाखवत म्हणाला. “म्हंजे लगीन असणारच, मामा!”

नेमका त्याच वेळी धर्माप्पा सुपारी घेऊन, पाच-सहा पाहुण्यांसकट दारात आला. मांडव बघितला. हलगी ऐकली. पिवळाधमक नवरदेव बघितला, आणि तो कोण आहे हेही ओळखलं. मळीच्या खड्ड्याची त्याला आठवण झाली असावी. “लगीन लागतंय, आणि मला सुपारीला बोलावलं? ही थट्टा?” असं म्हणून तो वळला, तो थेट वरच्या वाडीला. रावजी मागनं हाका मारतोय, “अहो, लगीन न्हाई! अहो पाहुणं!” पण मांडव बघितल्यावर कोण ऐकतो?

रावजी परत आला तो तणतणत. “अरं गाढवा! मांडवामुळं लगीन होत न्हाई! लगीन ठरतं आधी, मांडव पडतो मागनं! आधी येतं ते कारण, मागनं येतं ते फळ! आयुष्यात एवढं एक तरी लक्षात ठेव!”

“ठेवलं मामा. आधीचं ते कारण, मागचं ते फळ.”

गाव पत्रावळ्या धरून बसलेलं. पाटलीणबाई पदर सावरत उठल्या. “रावजी, पाहुणा गेला. दारात मांडव पडलाय. आता माणसं उपाशी उठली तर गावभर काय तोंड दाखवशील? आणि पोरीला तरी विचारलंस का कधी?”

खरंच की! सगळ्या जगाला ‘का’ विचारणाऱ्या रावजीनं पोरीला काहीच विचारलं नव्हतं. त्यानं फुलाकडं बघितलं.

फुला म्हणाली, “बाबा, मला शहाणा नवरा नको. शहाणे लोक मी सांगितलेलं ऐकत न्हाईत. आणि माझ्यासाठी एका सकाळीत मांडव घालणारा दुसरा कोण हाय?” बोलता बोलता तिचा चेहरा हळदीशिवायच पिवळा-तांबडा झाला.

रावजी विरघळला. लगीन लागलं. अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला, सनई वाजली. गाव जेवलं. पाटलाच्या म्हशींनाही उरलंसुरलं मिळालं.

आणि मग पाठवणीची वेळ आली. पाठवणीला पोरी रडतात. फुलाही रडली. बापाच्या गळ्यात पडून धाय मोकलून रडली. रावजीच्याही धोतराचा सोगा भिजला. हुंदका देत तो भैरूला म्हणाला, “जावईबापू, माझी पोर कधी रडली तर का रडतीया, एवढं बघत जा. दुसरं काही मागणं न्हाई माझं.”

भैरूचा जीव कळवळला. फुलाच्या डोळ्यांत पाणी! आणि बघायला तर मामांनीच सांगितलंय. तो मांडवाच्या मधोमध जाऊन विचार करायला लागला. फुला आत्ता रडतीया. सकाळी रडत नव्हती. सकाळी हसत होती. मग आधी काय झालं? आधीचं ते कारण. आधी... आधी...

“सापडलं!” भैरू ओरडला. “लगीन!”

कुणाला काही कळायच्या आत त्यानं अंतरपाट उचलला आणि जोशीबुवांच्या हातात कोंबला. “धरा बुवा, आमच्या मधी धरा. आणि मंगलाष्टकं शेवटाकडनं सुरुवातीकडं म्हणा.” जोशीबुवांचं तोंड उघडं ते उघडंच. भैरूनं स्वतःच शेल्याची गाठ सोडली. बाशिंग काढलं. खाली पडलेल्या अक्षता गोळा करून लोकांच्या हातांत परत देत सुटला. “घ्या काकू. घ्या पाटील. तुमच्या किती होत्या?” मग फुलाचा हात अगदी हळुवार धरून तिला रावजीपुढं उभी केली. त्याचे स्वतःचे डोळे भरून आले होते, पण बोलला मात्र ठणठणीत.

“घ्या मामा. तुमची पोर परत. लगीन काढून टाकलं. आता रडायची न्हाई.”

हलगीवाल्याची काठी वरच्या वर राहिली. आणि खरंच, फुलाचं रडं थांबलं. एकदम थांबलं.

“बघा!” भैरू आनंदानं ओरडला. “बघा, थांबली!”

फुलानं पदरानं डोळे पुसले. नाक पुसलं. पदर कमरेला खोचला. मग मांडवाच्या खांबाचा एक ऊस दोन्ही हातांनी धरून उपसला. निम्मा मांडव पाहुण्यांच्या डोक्यावर आला. तिनं मागं वळूनही बघितलं नाही. ऊस खांद्यावर घेऊन ती भैरूकडं निघाली.

भैरू भोळा होता, आंधळा नव्हता. तो पळाला. वेस ओलांडली, ओढा ओलांडला, आणि आत्तीच्या घराच्या दिशेनं सुसाट सुटला. मागनं नऊवारी सावरत फुला. तिच्यामागं वाढ्यांतनं बाहेर पडलेलं सगळं वऱ्हाड. आणि वऱ्हाडाच्या पुढं धापा टाकत रावजी. पण मरताना सुद्धा ज्याची सवय सुटणार नाही तो रावजी. तो पळता पळता ओरडला, “भैरू! माझी पोर अशी पळतीया का रं?”

भैरूनं मागं बघितलं. फुला मागं होती. पुढं बघितलं. पुढं कुणीच नव्हतं. तो स्वतःच होता.

“मी आधी, मामा!” तो पळता पळताच ओरडला. “ती मागनं! म्हंजे मीच कारण!”

रावजी जागच्या जागी थांबला. एकदा मनात घोळवून बघितलं. दुसऱ्यांदा घोळवलं. कुठंच चूक सापडेना.

“वाजव रं हलगी,” तो फेटा सावरत म्हणाला. “बरोबर उत्तर दिलं. पोरगी त्याची झाली.”